दिल्लीची हिवाळी हवा, भाताचा पेंढा आणि गव्हावरील गुलाबी खोडकिडा

दिल्लीच्या हवेला स्वतःचे ऋतुचक्र आहे. एप्रिल ते जून या काळात पश्चिमेकडून येणारी कोरडी 'लू' आणि धुळीची वादळे शहरावर पिवळसर पडदा धरतात. जुलैमध्ये पाऊस स्थिरावला की हीच हवा धुऊन निघते आणि आकाश निळे दिसू लागते. ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यापासून मात्र क्षितिज धूसर होऊ लागते. नोव्हेंबरमध्ये ही धूसरता दाट होते, आणि डिसेंबर-जानेवारीत धूर व धुके यांचे मिश्रण अनेक दिवस जमिनीलगत साचून राहते. होळीच्या सुमारास वारे वाढतात आणि चक्र पुन्हा धुळीकडे वळते.

या चक्रातील ऑक्टोबर-नोव्हेंबरचा टप्पा शेतीशी निगडित असल्याने तो विस्तार कार्यकर्त्यांच्या कामाचा विषय आहे. पेंढा जाळू नये, हा संदेश आता उत्तर भारतातील प्रत्येक गावात पोहोचला आहे. परंतु त्या संदेशाला शेतकरी जो एक आक्षेप घेतात त्याचे समाधानकारक उत्तर पुष्कळदा दिले जात नाही. तो आक्षेप असा : "पेंढा शेतात ठेवला की गव्हात अळी येते." कीटकशास्त्राच्या दृष्टीने या आक्षेपात तथ्य आहे. त्यातून काढला जाणारा निष्कर्ष मात्र चुकीचा आहे. या दोहोंमधील फरक स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

हिवाळ्यातच हवा का साचते?

यमुनेच्या काठी वसलेली दिल्ली हवामानाच्या दृष्टीने निमशुष्क प्रदेशात मोडते. वर्षाचा पाऊस सुमारे ७५ ते ८० सेंटिमीटर. त्यातील चार-पंचमांशाच्या आसपास पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. उरलेले आठ महिने हवेतील कण धुऊन काढणारा पाऊस अधूनमधूनच येतो. अशा प्रदेशात हवेची शुद्धता प्रामुख्याने वाऱ्यावर अवलंबून राहते, आणि हिवाळ्यात नेमका वाराच मंदावतो.

उन्हाळ्यात तापलेल्या जमिनीवरील हवा वर चढते आणि दुपारी प्रदूषक दोन-तीन किलोमीटर उंचीपर्यंत मिसळून विरळ होतात. हिवाळ्यात रात्री जमीन लवकर थंड होते, तिच्यालगतची हवा गार व जड होते आणि तिच्यावर तुलनेने उबदार हवेचा थर बसतो. यालाच तापमानाची विपरीतता म्हणतात. तयार झालेला धूर मग काही शे मीटरच्या थरातच कोंडला जातो. उत्तरेला हिमालयाची भिंत असल्यामुळे गंगा-सिंधूच्या मैदानातील ही जड हवा सहजासहजी बाहेरही पडत नाही.

हवेच्या गुणवत्तेत सर्वांत महत्त्वाचे मानले जाणारे कण म्हणजे पीएम २.५, म्हणजेच अडीच मायक्रॉन किंवा त्याहून कमी व्यासाचे कण. ते फुप्फुसाच्या सर्वांत आतील भागापर्यंत पोहोचतात. भारतीय मानकानुसार २४ तासांची मर्यादा ६० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुचविलेली मर्यादा केवळ १५ आहे. आपल्याकडील हवा गुणवत्ता निर्देशांकात ५० पर्यंतची हवा 'चांगली' आणि ४०० च्या वरची 'गंभीर' समजली जाते. दिल्लीत नोव्हेंबर ते जानेवारी या काळात 'गंभीर' दिवसांची नोंद जवळजवळ दरवर्षी होते.

भाताचे वेळापत्रक आणि धुराचे वेळापत्रक

पंजाबात सुमारे ३२ लाख हेक्टरवर भात घेतला जातो आणि त्यापासून दरवर्षी जवळपास दोन कोटी टन पेंढा निघतो. भूजलाचा उपसा रोखण्यासाठी पंजाब व हरियाणा या राज्यांनी २००९ मध्ये कायदे केले आणि भाताची लावणी जूनच्या दुसऱ्या पंधरवड्याकडे ढकलली. पाण्याच्या दृष्टीने हा निर्णय आवश्यक होता. मात्र त्यामुळे कापणीही पुढे सरकली. गव्हाच्या पेरणीचा उत्तम काळ ऑक्टोबरच्या अखेरच्या आठवड्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंतचा. परिणामी दोन पिकांमध्ये शेत मोकळे करण्यासाठी दोन ते तीन आठवडेच उरतात. कम्बाइन यंत्राने कापणी केल्यावर शेतात उभी धसकटे व त्यांवर सैल पेंढ्याच्या ओळी राहतात. मजूर महाग, वेळ कमी, आणि भाताच्या पेंढ्यात सिलिकाचे प्रमाण जास्त असल्याने त्या भागात जनावरांच्या चाऱ्यासाठी त्याला मागणी अल्प. अशा स्थितीत काडी ओढणे हा सर्वांत स्वस्त मार्ग ठरतो.

हा काळ वायव्येकडून वाहणाऱ्या मंद वाऱ्यांचा असतो. लुधियाना ते दिल्ली हे अंतर सुमारे ३०० किलोमीटर आहे. तिकडचा धूर इकडे पोहोचतो आणि विपरीततेच्या थराखाली अडकतो. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१५ मध्ये उत्तरेकडील राज्यांत पीक अवशेष जाळण्यास मनाई केली. २०१८ पासून केंद्र शासनाने अवशेष व्यवस्थापनाच्या यंत्रांसाठी वैयक्तिक शेतकऱ्यांना ५० टक्के व भाडेतत्त्वावरील यंत्र केंद्रांना ८० टक्के अनुदान देण्यास प्रारंभ केला. उपग्रहांनी टिपलेल्या आगींची पंजाबमधील संख्या २०२१ मध्ये ७१,३०४ होती. २०२४ मध्ये ती १०,९०९ इतकी खाली आली.

या आकड्यांचा अर्थ लावताना थोडी सावधगिरी हवी. मोजणीसाठी वापरले जाणारे ध्रुवीय उपग्रह दुपारच्या ठराविक वेळी वरून जातात. त्यानंतर लावलेली आग त्यांच्या नजरेतून सुटू शकते. घट झालेली आहे, पण ती आकड्यांइतकी मोठी असेलच असे नाही.

शेतीचा वाटा किती?

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान विज्ञान संस्थेने विकसित केलेली निर्णय-साहाय्य प्रणाली दिल्लीच्या पीएम २.५ मध्ये कोणत्या स्रोताचा किती वाटा आहे याचा दैनंदिन अंदाज देते. तिच्यानुसार हंगामाच्या ऐन भरात, अगदी मोजक्या दिवशी, पेंढ्याच्या धुराचा वाटा एक-तृतीयांशाच्या वर जातो. इतर अनेक दिवशी तो काही टक्क्यांवर राहतो. टेरी आणि पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया यांच्या २०१८ च्या अभ्यासात, हिवाळ्यातील पीएम २.५ मध्ये उद्योगांचा सुमारे ३० टक्के, वाहतुकीचा २८ टक्के, धुळीचा १७ टक्के आणि शेतातील जाळपोळीचा सुमारे ४ टक्के वाटा आढळला. १८ नोव्हेंबर २०२४ रोजी दिल्लीचा निर्देशांक ४९० च्या वर गेला. त्या वर्षी पंजाबातील आगी मागील वर्षांहून पुष्कळ कमी होत्या.

यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. दिल्लीच्या हिवाळ्याचे सर्व खापर शेतकऱ्यावर फोडणे शास्त्राला धरून नाही. त्याचबरोबर, आधीच साचलेल्या हवेत दोन-तीन आठवडे पडणारी धुराची भर ही श्वसनविकाराच्या रुग्णांसाठी आणि लहान मुलांसाठी अतिशय घातक असते. हा धूर सर्वप्रथम ज्या गावात आग लागते त्याच गावाच्या फुप्फुसात जातो, ही बाब चर्चेत अनेकदा मागे पडते.

पेंढा ठेवला की अळी येते का?

आता मूळ आक्षेपाकडे वळू. गेल्या काही हंगामांत पंजाब-हरियाणातील हॅपी सीडर किंवा सुपर सीडरने पेरलेल्या काही गव्हाच्या शेतांत नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये रोपे पिवळी पडून मधला पोंगा सुकल्याच्या तक्रारी आल्या. पोंगा ओढला असता तो सहज निघून येतो आणि बुंध्यात गुलाबी छटेची, लालसर-तपकिरी डोक्याची अळी सापडते. हा गुलाबी खोडकिडा. शास्त्रीय नाव सेसामिया इन्फरेन्स. मराठी वाचकांना तो ज्वारी, मका व ऊस या पिकांतून परिचित असेल.

हा कीटक बहुभक्षी आहे. मादी पतंग पानाच्या आवरणाच्या आतील बाजूस ओळीने अंडी घालते. अळी खोडात शिरते व एका खोडातून दुसऱ्या खोडात जाते. भात कापल्यानंतर काही अळ्या धसकटांच्या बुडख्यात राहतात. धसकट वाळू लागले की तिला अन्न हवे असते, आणि त्याच वेळी शेजारच्या ओळीत गव्हाचे कोवळे रोप उगवलेले असते. भात व गहू यांच्यामध्ये नांगरणी व मोकळा काळ होता तेव्हा हा दुवा तुटत असे. बिनानांगरणी पेरणीत तो जोडला जातो. म्हणून शेतकऱ्याचे निरीक्षण खोटे ठरवू नये. ते खोटे ठरविणाऱ्या कार्यकर्त्याच्या पुढील सल्ल्यावरही शेतकरी विश्वास ठेवणार नाही.

मग आग लावल्याने अळी मरते का?

येथे शेतात प्रत्यक्ष काय जळते ते पाहावे लागेल. बहुतेक ठिकाणी आग सैल पेंढ्याच्या ओळींना लावली जाते. उभी धसकटे, विशेषतः त्यांचा जमिनीलगतचा ओलसर भाग, पुष्कळदा पूर्ण जळत नाही. आगीची उष्णता मातीत साधारण एक सेंटिमीटर खोलीपर्यंतच परिणाम करते. अळी नेमकी त्या बुडख्यात किंवा त्याच्या जवळ दडलेली असते. अशी अर्धवट आग तिचा नायनाट करील याची खात्री देता येत नाही.

ज्यांचा नाश हमखास होतो ते कीटक मात्र वेगळेच. भाताच्या शेतात पेंढ्याखाली व धसकटांमध्ये शिकारी कोळी, भूभुंगेरे, मुंग्या आणि किडींच्या अंड्यांवर व अळ्यांवर वाढणारे परोपजीवी कीटक असतात. यांपैकी अनेक पृष्ठभागावर किंवा पेंढ्यातच राहत असल्याने आगीत ते सर्वांत आधी जातात. पुढील पिकातील अळ्या व मावा खाणारी फौज आपण पेरणीच्या तोंडावरच गमावतो. आच्छादन राखलेल्या शेतात अशा जमिनीलगतच्या भक्षकांची संख्या टिकून राहते, हे विविध पिकांतील अनुभवांतून दिसले आहे. थोडक्यात, आग हे कीडनाशक म्हणून अविश्वसनीय आणि मित्रकीटकांसाठी मात्र निश्चित घातक आहे.

मातीचा हिशोबही येथे मांडला पाहिजे. एक टन भाताच्या पेंढ्यात सुमारे ५.५ किलो नत्र, २.३ किलो स्फुरद, २५ किलो पालाश आणि १.२ किलो गंधक असते. जाळल्यावर जवळजवळ सर्व नत्र व बराचसा गंधक हवेत जातो. पालाश राखेत उरतो, पण तीही वाऱ्याने उडते. सेंद्रिय कर्बाची हानी तर भरून न निघणारी आहे.

प्रादुर्भावाच्या शेतात काय करावे?

१. आधी ओळख, मग निर्णय. भाताची कापणी होण्यापूर्वी शेतात पांढऱ्या, दाणे न भरलेल्या लोंब्या दिसल्या होत्या का, हे विचारावे. कापणीनंतर शेताच्या वेगवेगळ्या भागांतील काही धसकटे उपटून उभी चिरावीत. अळ्या नसतील तर पेंढा आच्छादून पेरणी करण्यास कोणतीही शंका बाळगू नये.

२. अळ्या आढळल्यास ऑक्टोबरमधील अगाप पेरणी टाळावी. थंडी वाढते तशी अळीची हालचाल मंदावते. पंजाब कृषी विद्यापीठाच्या सल्ल्यातही अशा शेतात लवकर पेरणी न करण्यावर भर आहे.

३. जास्त प्रादुर्भाव असलेल्या शेतातील पेंढा जमिनीलगत कापून, बेलरने गाठी बांधून बाहेर काढावा. धसकटांचा बराचसा भाग त्यासोबत निघून जातो. या गाठींना जैवइंधन प्रकल्प, वीटभट्ट्या व कागद कारखाने असे ग्राहक मिळू शकतात. गावपातळीवर आधीच बोलणी केलेली असावीत.

४. पहिले पाणी दिवसा द्यावे. भिजलेल्या जमिनीतून अळ्या वर येतात आणि बगळे, साळुंक्या यांसारखे पक्षी त्या टिपतात. रात्री पाणी दिल्यास हा लाभ मिळत नाही.

५. पेरणीनंतर पहिला महिना आठवड्यातून एकदा शेत फिरून पाहावे. पोंगे सुकलेली रोपे अळीसह उपटून नष्ट करावीत. फवारणीची वेळ आलीच तर त्या भागातील विद्यापीठाने गव्हासाठी शिफारस केलेले कीटकनाशक, लेबलवरील मात्रेतच वापरावे.

६. मार्चमध्ये लष्करी अळीवर लक्ष ठेवावे. ती दिवसा पेंढ्याखाली दडते व रात्री खाते. म्हणून पाहणी संध्याकाळी करावी. उंदरांचा बंदोबस्त एकट्या शेतकऱ्याने करून भागत नाही. आच्छादित शेतांच्या गटाने पेरणीआधी एकत्रित मोहीम घ्यावी.

७. या सर्वांच्या मुळाशी वाणाची निवड आहे. पुसा ४४ सारख्या १५५ ते १६० दिवसांच्या वाणाऐवजी पीआर १२६ सारखा सुमारे १२३ दिवसांचा वाण घेतल्यास कापणी व पेरणी यांमध्ये तीन ते चार आठवड्यांची अधिक मोकळीक मिळते. यंत्र मिळण्यास, पेंढा कुजण्यास आणि किडीची पाहणी करण्यास वेळ मिळतो तो येथूनच. भारतीय कृषी संशोधन संस्थेच्या पुसा डीकंपोझरसारख्या बुरशीजन्य मिश्रणालाही पेंढा कुजविण्यास तीन आठवड्यांच्या आसपास कालावधी लागतो.

दूषित हवेचा शेतीवर होणारा परिणाम

शेतातून हवेत गेलेला धूर शेताशी संबंध तोडत नाही. दिल्लीच्या सभोवार हरियाणा, राजस्थान व पश्चिम उत्तर प्रदेशात डिसेंबर-जानेवारीत मोहरी फुलते आणि मधपाळ आपल्या पेट्या घेऊन तेथे मुक्काम करतात. धुरकट, सूर्यप्रकाश रोखणाऱ्या दिवशी मधमाश्या पोळ्याबाहेर कमी पडतात. रासायनिक परिणाम याहून सूक्ष्म आहे. फुलांचा गंध हवेतील ओझोन व नायट्रोजन ऑक्साइड यांच्याशी संयोग पावून विघटित होतो आणि कीटकाला फुलाचा माग लागत नाही. इंग्लंडमधील रीडिंग विद्यापीठाच्या संशोधकांनी काळ्या मोहरीच्या प्रयोग-क्षेत्रात डिझेलचा धूर व ओझोन मर्यादित प्रमाणात सोडला, तेव्हा फुलांवर येणाऱ्या कीटकांची संख्या ६२ ते ७० टक्क्यांनी घटली. बेंगळुरूतील संशोधकांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात प्रदूषित भागांतील आग्या मधमाश्यांच्या अंगावर सूक्ष्म कण आढळले, आणि स्वच्छ भागांतील माश्यांच्या तुलनेत त्या कमी काळ जगल्या.

शेतीचा आणखी एक अदृश्य वाटा अमोनियाचा आहे. युरिया व शेणमूत्रातून निघणारा अमोनिया वाहने व कारखान्यांतील आम्लवायूंशी संयोग पावतो आणि त्यातून पीएम २.५ चे नवे कण तयार होतात. म्हणून युरियाची योग्य मात्रा, हप्त्यांनी वापर आणि मातीत मिसळून देणे हीदेखील हवेच्या गुणवत्तेची कामे आहेत.

सर्व अवशेषांना एकच नियम नको

महाराष्ट्रातील वाचकांनी उत्तरेचा हा अनुभव आपल्या पिकांना लावताना किडीचे जीवनचक्र पाहूनच लावावा. उसाचे पाचट खोडव्यात आच्छादून ठेवल्यास ओलावा टिकतो, तण कमी होते आणि सुरुवातीच्या खोडकिडीचा उपद्रवही कमी राहतो. येथे अवशेष ठेवणे हाच कीड-नियंत्रणाचा भाग आहे. कपाशीचे गणित उलटे आहे. गुलाबी बोंडअळी पऱ्हाटीवर राहिलेल्या किडक्या बोंडांत सुप्तावस्थेत राहते. २०१७ च्या हंगामात विदर्भाने या किडीचा मोठा फटका सोसला. म्हणून पऱ्हाटी शेतात उभी ठेवणे किंवा इंधनासाठी बांधावर रचून पुढील हंगामापर्यंत ठेवणे धोक्याचे आहे. मात्र तिच्यासाठीही आग हा एकमेव पर्याय उरलेला नाही. हंगाम वेळेवर संपवून श्रेडरने पऱ्हाटीचा भुगा करणे व तो कंपोस्टात कुजविणे हा मार्ग उपलब्ध आहे.

विस्तार कार्यकर्त्यांना विनंती अशी की, ऑक्टोबरमध्ये गावात जाताना दंडाच्या तरतुदींच्या पत्रकाबरोबर एक चाकूही सोबत न्यावा. शेतकऱ्यासमोर दहा-वीस धसकटे चिरून पाहावीत. अळी नसेल तर त्याची भीती तेथेच दूर होईल. असेल तर पेरणीची तारीख, पहिले पाणी आणि पेंढ्याच्या गाठी यांविषयी त्याला ठोस सांगता येईल. दिल्लीची हवा सुधारण्यासाठी उद्योग, वाहतूक व नगर नियोजन या क्षेत्रांत मोठी कामे करावी लागणार आहेत. शेतीच्या हाती असलेला भाग लहान असला तरी तो याच हंगामात, शेताच्या बांधावर करता येण्याजोगा आहे.